मुलांच्या कॉलेजची मशागत



मृगाचा पाऊस पडल्यावर कोणी नांगर शोधत बसत नाही. रान उन्हाळ्यातच नांगरून, कुळवून ठेवलेले असते, म्हणून वाफसा येताच पेरणी साधते. मुलांच्या शिक्षणात मात्र आपण उलटे वागतो. बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू होते. दाखला नाही, पैसा नाही, कोठे जायचे ते ठरलेले नाही. या धावपळीत हुशार पोर मागे पडते आणि आपण म्हणतो, "नशिबातच नव्हते." दोष नशिबाचा नसतो; मशागतच झालेली नसते.

ही मशागत आठवीपासून करायची. कशी, ते पाहू.

काम आणि अभ्यास

सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सहामाही परीक्षेच्या सुमारास येते. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हरभरा आणि गव्हाच्या सुगीत. मजूर मिळत नाही, तेव्हा 'चार दिवस शाळा बुडाली तर काय बिघडते?' असे वाटते. पण गणिताचा एक धडा चुकला की पुढचे तीन कळत नाहीत. मूल वर्गात गप्प बसू लागते आणि पुढे शाळेचे नावच नको म्हणते.

मुलांनी घरच्या कामाला हात लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मार्ग. त्यांची मुले अंगमेहनत करीत आणि शिकत. पण तेथे काम होते ते शिक्षणासाठी. कामातून उरलेल्या वेळात शिक्षण, असा प्रकार नव्हता. आपल्या घरीही हाच नियम ठेवा. सकाळी धार काढू दे, सुट्टीच्या दिवशी पाणी धरू दे. पण शाळेचा दिवस आणि संध्याकाळचे दोन तास त्याचेच. त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल मोठ्यांनीही बंद ठेवावा. आपण अक्षरशत्रू असलो तरी 'आज काय शिकलास?' एवढे तर रोज विचारता येते.

आठवीची परीक्षा, दहावीनंतरची वाट

सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गुरुजींना भेटून मुलाचे नाव द्यायला सांगा.

दहावीनंतर शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून आपलाही त्याच शाखेला, असे करू नका. अकरावीला गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते. जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीची. हाताने काम करण्याची आवड असेल तर आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतरच घेता येते. त्यात कमीपणा नाही.

कागदांची पिशवी

गावोगाव मुलांचे नुकसान होते ते कागदांपायी. गुण असतात, पण पडताळणीचा दाखला हातात नसतो आणि राखीव जागा जाते. म्हणून घरात एक पिशवी करा. तीत शाळेचे दाखले, जातीचा दाखला, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक ठेवा. शाळेचे रजिस्टर, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव व जन्मतारीख सारखी आहे का, ते आठवीतच पाहा. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते.

जात पडताळणीला वडिलांचे, आजोबांचे जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेतला उतारा शोधायला महिने जातात. बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला जायचे असेल तर अकरावीतच या कामाला लागा.

पैसा

एकदम पन्नास हजार उभे करणे जड जाते, पण दर सुगीला थोडे बाजूला काढता येते. दुधाच्या पगारातून मुलाच्या नावाचे खाते चालवा आणि लग्नकार्यातही त्याला हात लावू नका. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा ती जोडणी आधी करा. कमी पडले तर सावकाराचे दार वाजवण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

आणि आपली लेक

शेवटची गोष्ट घरातल्या माउलींना सांगायची आहे. दहावी झाली की 'पुढची शाळा लांब आहे' म्हणून मुलीचे शिक्षण थांबते. पण बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च आपल्याला पाहावा लागतो. गावातल्या चार मुली एकत्र जाऊ लागल्या की वाटेची भीतीही उरत नाही. त्यांच्या आयांनी एकमेकींना भेटून हे ठरवावे.

कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. ती पोरे त्यांच्या पोटची नव्हती. आपल्याला तर आपल्याच लेकरांसाठी करायचे आहे, आणि तेही दागिने न मोडता, वेळेवर जागे राहून.

आज रात्री जेवणे झाल्यावर ती पिशवी काढा, मुलांना जवळ बसवा आणि कोणता कागद आहे, कोणता नाही, ते पाहा. मशागतीचे पहिले तास तिथेच पडेल.