सीमेवरची एस. टी.



कागल हे पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचे गाव. उत्तरेला कोल्हापूर सुमारे वीस किलोमीटर, दक्षिणेला निपाणी जवळजवळ तितकीच. मध्ये दूधगंगा, आणि कोगनोळीपाशी कर्नाटकाची हद्द लागते. सोयरीक, बाजार, तंबाखूची पेठ, शाळा, दवाखाना ही कामे काही हद्द पाहून होत नाहीत. लेक कागलात दिलेली अन् माहेर निपाणीकडे, अशी घरे या भागात पुष्कळ. एस. टी.ला मात्र हद्द पाहूनच धावावे लागते. ते कसे, हे आज समजून घेऊ.

पूर्वी असे नव्हते. मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबईत विलीन झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबईतच होता; म्हणजे कागल आणि निपाणी एकाच राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. रस्ता तोच राहिला, पण त्याचे कारभारी दोन झाले. आज अलीकडे महाराष्ट्राचे महामंडळ आहे आणि पलीकडे हुबळीचे वायव्य कर्नाटक महामंडळ.

आता असे पाहा, एका राज्याचा गाडीचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८८ खाली दोन राज्यांत करार होतो. कोणत्या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या, हे त्यात ठरते. हिशेब साधारण बरोबरीचा असतो. आमची गाडी तुमच्या हद्दीत जितके किलोमीटर, तितकेच तुमची आमच्या हद्दीत. या करारामुळेच कोल्हापूरची गाडी निपाणीला जाते आणि निपाणीची कोल्हापूरला येते.

पण करार गाडीपुरता झाला, प्रवाशाचे काय? महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून आपल्या रहिवासी महिलांना साध्या गाड्यांतून फुकट प्रवास दिला. योजना दोन्हीकडच्या चांगल्याच. तरी महाराष्ट्राची सवलत हद्दीपर्यंतच, म्हणून निपाणीला निघालेल्या आजीबाईला पुढचे पैसे मोजावे लागतात. त्यातून सीमेचा वाद पेटला की गाड्याच थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे झाले. भांडण कुणाचे का असेना, खोळंबा परीक्षेच्या पोराचा आणि दवाखान्याच्या रोग्याचा होतो.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. जर्मनीतील हांबुर्ग शहरात १९६५ साली रेल्वे, बस आणि नावा चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांनी एक संघ केला. वेळापत्रक एक, तिकीट एक. पुढे शेजारच्या दोन राज्यांतले जिल्हेही त्यात आले. इतके लांब तरी कशाला जावे? आपल्या दूधगंगेवरचे काळम्मावाडीचे धरण हा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे. पाणी जर कराराने वाटता येते, तर गाड्यांच्या वेळा जुळवता का येऊ नयेत?

आता आपल्या हातचे काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट. नुसते ‘गाडी मिळत नाही’ म्हणू नये. किती माणसे, कोणत्या वारी, किती वाजता, कुठून कुठे जातात, हे आठवडाभर वहीत टिपावे. हद्द ओलांडून येणाऱ्या मुलांची यादी गुरुजींनी करावी. मग ग्रामसभेचा ठराव करून एक प्रत कागल आगाराला आणि एक निपाणी आगाराला द्यावी. नवी गाडी मागण्यापेक्षा आहे त्या गाडीची वेळ पाव तास मागेपुढे करून घेणे सोपे असते.

दुसरी गोष्ट. दोन राज्यांत नवा करार ठरायचा असेल, तर त्याचा मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापावा लागतो. हरकती-सूचनांसाठी निदान तीस दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत आपले म्हणणे लेखी पाठवावे. तो आपला हक्क आहे.

तिसरी गोष्ट रुग्णवाहिकेची. १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. पण मोबाइलचा मनोरा पलीकडचा असला तर फोन पलीकडच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगावे, मग दुखणे. बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोयही मोफत असते. त्याची चौकशी आशाताईंकडे सातव्या-आठव्या महिन्यातच करून ठेवावी.

हद्द कुठे असावी, हा प्रश्न मोठा आहे आणि तो न्यायालयापुढे आहे. तो सुटेपर्यंत शाळेची घंटा थांबत नाही, की बाळंतिणीच्या कळा थांबत नाहीत. तेव्हा दोन्ही काठांच्या गावांनी एका वहीत आपल्या वेळा लिहाव्यात आणि दोन्ही आगारांच्या दारी एकत्र जावे.