डोळ्याला लागलंय? ‘चालतंय की’ म्हणू नका!

कॉलेजची बॅडमिंटन मॅच रंगात आलीय. तुम्ही नेटजवळ उभे, समोरून स्मॅश येतो आणि शटल थेट डोळ्यावर! पाणी मारता, रुमाल धरता, दहा मिनिटांत दिसायला लागतं. मित्र म्हणतात, ‘काय नाय होत, चल, मॅच संपवू.’

दोस्तांनो, इथेच थांबा. मोठा चेंडू डोळ्याभोवतीच्या हाडावर अडतो. शटलचं बूच मात्र खोबणीत शिरतं, आणि सगळा मार डोळ्यालाच बसतो. त्यामुळे डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साठू शकतं. आरशात बुबुळासमोर खालच्या बाजूला लाल थर दिसतो, पण थोडंसं रक्त नुसत्या नजरेला दिसतही नाही. पहिल्या पाचेक दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून या काळात जिम, धावपळ बंद. दुखलं तरी मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका.

काही जणांना धोका जास्त असतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तुम्ही नुसते वाहक असलात तरी डॉक्टरांना आधी ते सांगा. विळ्यासारख्या झालेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतात, दाब वाढतो आणि डोळ्याची नस लवकर खराब होते. औषधंही त्यानुसार बदलावी लागतात. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, तर पडदा सुटण्याची भीती. विजेसारखे चमकारे, अचानक वाढलेले काळे ठिपके, बाजूने पडद्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेसिक झालं असेल तर तेही सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल, तर साधा ओरखडाही चिघळू शकतो. आणि मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब? अजिबात नाही.

लॅबमधलं केमिकल किंवा चुना डोळ्यात गेला, तर आधी नळाखाली किमान 15 मिनिटं डोळा धुवा, मग दवाखाना. काच, तार घुसली असेल तर उलटं: धुऊ नका, दाबू नका, ओढू नका. वर कागदी कप धरा आणि निघा.

बरं वाटलं तरी तपासणी सोडू नका. अशा मारानंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, तोही न दुखता. मॅच पुढच्या आठवड्यात पुन्हा लावता येते. गेलेली नजर मात्र परत आणता येईलच असं नाही.