तार की ब्लूटूथ? स्टुडिओ हेडफोन निवडताना कळीचा ठरतो तो विलंब

जबलपूर : जुन्या शहरातील बडा फुहारा परिसरात सकाळी दुकाने उघडल्यापासून रात्री उशिरापर्यंत आवाज थांबत नाही. दुचाकींचे भोंगे, दुकानांवरील ध्वनिक्षेपक आणि दसऱ्याच्या दिवसांतील मिरवणुका यांच्या शेजारी राहून घरातल्या घरात गायनाचे, तबल्याचे किंवा निवेदनाचे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्याला मायक्रोफोननंतर गरज भासते ती स्टुडिओत वापरतात तशा, मागून बंद असलेल्या हेडफोनची. हा हेडफोन आता तारेचा आणि ब्लूटूथचा अशा दोन्ही रूपांत मिळतो. दोहोंवर गाणे लावून पाहिल्यास फारसा फरक जाणवत नाही. ध्वनिमुद्रणास बसल्यावर तो पहिल्याच मिनिटाला जाणवतो, पण तोवर पैसे खर्च झालेले असतात.

मागून बंद, म्हणजेच क्लोज्ड-बॅक हेडफोनविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. हा हेडफोन घातला की रस्त्याचा गोंगाट ध्वनिमुद्रणात येणार नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो गोंगाट ऐकणाऱ्याच्या कानापुरता कमी होतो. मायक्रोफोनला तो पूर्वीसारखाच ऐकू येत राहतो. या रचनेचा खरा उपयोग उलट दिशेचा आहे. कानात वाजणारा तानपुरा, लेहरा किंवा मेट्रोनोमचा ठोका बाहेर झिरपून मायक्रोफोनमध्ये शिरू नये, यासाठी कानावरील वाटी मागून बंद केलेली असते. हे काम तारेचे आणि ब्लूटूथचे हेडफोन सारख्याच प्रकारे करतात.

तुलनेसाठी ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीची एम५० मालिका सोयीची ठरते, कारण तिच्यात एकच हेडफोन दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. तारेचा एटीएच-एम५०एक्स २०१४ मध्ये बाजारात आला. त्याचे ब्लूटूथ रूप २०१८ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. ध्वनी निर्माण करणारा ४५ मिलिमीटरचा ड्रायव्हर तिन्हींत आहे. ब्लूटूथ रूपाचे वजन बॅटरी आणि विद्युत मंडलामुळे वीसेक ग्रॅमनी अधिक भरते. बाहेरचा आवाज यंत्राने रद्द करण्याची सोय ब्लूटूथ रूपातही नाही. त्यामुळे जनरेटरची किंवा मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांची खर्जातील घरघर दोन्हींत थोडीफार ऐकू येतेच.

ध्वनीच्या दर्जाविषयी वाद पुष्कळ होतात, पण खरेदीचा निर्णय त्यावर अडून राहण्याचे फारसे कारण नाही. सीडीवरील ध्वनीसाठी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. ब्लूटूथची मूळ एसबीसी पद्धत ती साधारण ३२८ किलोबिटपर्यंत आवळते, तर एलडॅक पद्धत अनुकूल स्थितीत ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेऊ शकते. अँड्रॉइड फोनवर एलडॅकची सोय आठव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. आयफोनवर ती नसल्याने तेथे एएसी पद्धत वापरली जाते. सामान्य श्रवणासाठी यांपैकी कोणतीही पद्धत पुरेशी आहे.

प्रश्न उभा राहतो तो वेळेचा. ध्वनी आवळणे, लहरींवरून पाठवणे, काही क्षण साठवून ठेवणे आणि पुन्हा उलगडणे या प्रक्रियेत नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा विलंब होतो. हवेतून ध्वनी २०० मिलिसेकंदांत सुमारे ७० मीटर अंतर कापतो. म्हणजे तबलजी शेजारी न बसता चौकाच्या पलीकडे बसावा, तशी ही स्थिती होते. मध्यलयीत, मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. हा विलंब तिचा दोन-पंचमांश भाग खातो. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रांवर, मात्रा २५० मिलिसेकंदांची उरते. तेथे समेवर टाकलेली थाप वादकाच्या कानावर येईपर्यंत पुढची मात्रा जवळ आलेली असते.

निवेदकाची अडचण याहून विचित्र आहे. स्वतःचाच आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा ऐकू आला तर बोलणारा अडखळू लागतो, शब्द लांबवतो, अक्षरे दुहेरी उच्चारतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये या परिणामाची नोंद केली होती. ब्लूटूथचा विलंब नेमका याच टप्प्यात येतो. २०२१ च्या आवृत्तीत विलंब कमी करण्याची सोय आहे. चित्रपट किंवा खेळासाठी ती उपयोगी पडते. तारेची बरोबरी मात्र करीत नाही. तारेतून जाणाऱ्या विद्युत संकेताला जाणवण्याजोगा विलंबच नसतो. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या ऑडिओ इंटरफेसला बहुधा तारेचीच खोबण असते.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये बसवलेला मायक्रोफोन ध्वनिमुद्रणासाठी वापरण्याचा मोह तर टाळायलाच हवा. नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत हा मायक्रोफोन सुरू होताच ती संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि दोन बाजूंचा भरदार ध्वनी टेलिफोनसारखा एकेरी व अरुंद होतो. अनेकदा हेडफोन बिघडल्याचा समज होतो, तो यामुळेच.

तरीही ब्लूटूथ रूपाला अर्थ नाही असे नाही. तयार मुद्रण चालता-फिरता तपासणे, व्याख्याने ऐकणे, प्रवास या कामांत ते अधिक सुखाचे आहे. २०२१ च्या आवृत्तीची बॅटरी एका भारणात ५० तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. सोबतची तार जोडली की तोच हेडफोन विलंबाविना ध्वनिमुद्रणालाही चालतो, त्यामुळे एकाच खरेदीत दोन्ही गरजा भागवणाऱ्याला हा मार्ग मोकळा आहे. बॅटरी मात्र वर्षागणिक क्षीण होत जाते. तारेच्या रूपात बिघडते ती बहुतेकदा तारच, आणि एम५०एक्सची तार काढून दुसरी लावता येते. निव्वळ रियाज आणि ध्वनिमुद्रणासाठी खरेदी करणाऱ्याने ब्लूटूथचे जादा पैसे मायक्रोफोनकडे वळवणे अधिक शहाणपणाचे.

दुकानात चित्रफीत लावून केलेली परीक्षा या बाबतीत फसवी ठरते, कारण फोनमधील बरीच ॲप चित्रही तितकेच उशिरा दाखवून विलंब झाकतात. त्याऐवजी फोनवर तबल्याचे किंवा पेटीचे ॲप उघडावे, हेडफोन ब्लूटूथने जोडावा आणि पडद्यावर बोटाने ठोका द्यावा. बोट टेकल्यानंतर किती वेळाने आवाज आला, हे लगेच कळते. त्यानंतर तार जोडून तोच ठोका पुन्हा देऊन पाहावा.