उपदेशक आणि त्याचे घर

घाटनांदूरच्या स्थानकावर उतरून अंबाजोगाईला जाणाऱ्या यात्रेकरूला तेथे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्यांचे दर्शन घडते. दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय एका लांबलचक कापडावर लिहून काढला. ती पासोडी मराठवाड्याला ललामभूत आहे. परंतु हे ग्रंथकार घरात कसे वागत, ते सांगणारी चरित्रे भक्तांनी, आणि तीही मागाहून लिहिलेली. याच परिसरात सप्ताह बसला म्हणजे पारावर कीर्तनातील सिद्धांताइतकीच चर्चा कीर्तनकाराच्या बिदागीची आणि घरच्या वागणुकीची होते. सुशिक्षितांना ही चर्चा हलकी वाटते. सिद्धांताची सत्यता सांगणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते, असे तर्कशास्त्र सांगते. भूमितीपुरते ते निर्विवाद खरे. पण धर्मशास्त्र कसे जगावे हेही सांगू लागते, तेव्हा ते सांगणाऱ्याचे जगणे हा पुराव्याचाच भाग होतो.

या पुराव्याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे न्यायमूर्ती रानडे. प्रार्थनासमाजाच्या एकेश्वरवादाला त्यांनी तात्त्विक बैठक दिली. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवेशी विवाह करण्याची संधी समोर असताना एकतीस वर्षांच्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य उठले, आणि १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. विरोधकांनी दांभिकतेचा शिक्का मारला. तो अन्यायाचा होता; दांभिक मनुष्य लाभासाठी वाकतो, रानडे पित्यासाठी वाकले. तथापि त्या वाकण्याची किंमत एका अजाण मुलीच्या आयुष्याने मोजली जायची होती, हे समर्थकांनी सोयिस्करपणे विसरावे असे नाही. त्याच मुलीला त्यांनी घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून शिकविले, आणि त्या रमाबाईंनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पतीविषयीच्या अपार भक्तीने लिहिलेल्या त्या पुस्तकात घरातील ताण झाकलेले नाहीत.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची साक्षही पत्नीचीच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. प्रेमाचा धर्म सांगणाऱ्या या पुरुषाचा शीघ्रकोप आणि विक्षिप्त उदारपणा ‘स्मृतिचित्रे’त निर्भेळ विनोदाने उतरला आहे, त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ चा. गंमत अशी, की टिळकांच्या श्रद्धेविषयीचा वाचकाचा विश्वास त्यामुळे उणावत नाही, उलट वाढतो. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने बाहेर पडले, तेव्हा त्या निर्णयाची झळ कोणाला लागणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

पश्चिमेकडे हाच प्रश्न अधिक कडू झाला. पॉल टिलिख या विख्यात धर्मचिंतकाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीने, हान्नाने, १९७३ मध्ये आत्मवृत्त लिहून त्याच्या परस्त्रीसंबंधांचे वर्णन केले. जॉन हॉवर्ड योडर याचे प्रकरण तर क्षमेच्या पलीकडचे. अहिंसेचा हा मेनोनाइट भाष्यकार अनेक स्त्रियांचा लैंगिक छळ करीत होता आणि त्या वर्तनाला धर्मशास्त्राचीच भाषा चढवीत होता. येथे ‘ग्रंथ वेगळा, माणूस वेगळा’ ही पळवाट उरत नाही. कारण ग्रंथातील विचारच त्याने हत्यारासारखा वापरला. मोहाला बळी पडणे आणि मोहाचे शास्त्र बनविणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रानड्यांनी आपल्या दुबळेपणाला कधी सिद्धांताचे रूप दिले नाही.

सप्ताहात आलेला कीर्तनकार गावात कोणाच्या तरी घरी उतरतो. तो जेवणाच्या पानावर कसा बसला, वाढणाऱ्या सुनेशी कोणत्या स्वरात बोलला, हे त्या घरातील बायका पाहत असतात. पारावरच्या चर्चेत मात्र त्यांना अजून कोणी विचारीत नाही.