सामुदायिक उपक्रम आणि टीकाकाराचा अधिकार

ज्या कार्याला अनेकांचे हात लागतात आणि ज्याचे आमंत्रण सर्वांना मोकळे असते, त्या कार्यावर होणारी टीका एखाद्या ग्रंथावरील टीकेहून प्रकृतीनेच वेगळी असते. कारण ग्रंथाच्या गुणदोषांचा धनी एकटा ग्रंथकार असतो, परंतु सामुदायिक उपक्रमात दोष दाखविणारा मनुष्य पुष्कळदा त्या उपक्रमाचाच घटक असतो, किंवा घटक होऊ न शकल्याचे दुःख बोलून दाखवीत असतो. असे सामुदायिक उपक्रम वऱ्हाडला परके नाहीत. १९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यास साहित्य संमेलन भरले. त्याआधी, १९०७ साली, वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात दीर्घकाळ सेवा केलेले विष्णु मोरेश्वर महाजनी पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. आणि विदर्भ साहित्य संघाचा जन्म १९२३ साली अमरावतीतच झाला. वर्गणी गोळा करणे, मांडव घालणे, पाहुण्यांची उतरण्याची सोय पाहणे, ही सारी कामे पदरमोड करून करणाऱ्या कार्यकर्त्याच्या कानी पहिला आक्षेप पडला म्हणजे त्याचे मन दुखावते, यात नवल नाही; परंतु मन दुखावले म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही, आणि आक्षेप आला म्हणून श्रमही व्यर्थ ठरत नाहीत.

या बाबतीत मराठी साहित्यव्यवहारातील सर्वांत मोठा धडा १८८५ सालचा आहे. त्याच्या सात वर्षे आधी महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास पहिली ग्रंथकार सभा भरली होती, आणि दुसऱ्या सभेचे आमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठविले. जोतीरावांनी येण्याचे नाकारले व नाकारण्याची कारणे पत्राने कळविली. जे लोक इतरांचे मानवी हक्क खुल्या दिलाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी शूद्रातिशूद्रांच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ कसा बसणार, हा त्या पत्राचा आशय होता. त्यात सभेच्या खर्चाविषयी किंवा ठरावांच्या भाषेविषयी तक्रार नव्हती. सभा कोणाची, हाच मूळ प्रश्न होता. अशा प्रश्नाला प्रत्युत्तराचे लेख कितीही चतुराईने लिहिले तरी ते उत्तर होत नाही; त्याचे उत्तर बैठकीच्या रचनेत, वक्त्यांच्या निवडीत आणि निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या घडणीतच द्यावे लागते. ते वेळेवर मिळाले नाही की आक्षेप घेणारे आपला स्वतंत्र मांडव उभारतात. १९५८ साली मुंबईस भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन, ज्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले, ते याच दीर्घ प्रतीक्षेचे फळ होते. आणि त्यातून मराठी वाङ्मयाला मिळालेले बळ पाहिले म्हणजे या आक्षेपात केवढी निर्माणशक्ती दडलेली होती हे कळून येते.

अकोल्याने अशा आक्षेपाचा निराळा अनुभव १९८१ साली घेतला. परतवाड्यास जन्मलेले गो. नी. दांडेकर त्या वर्षीच्या अकोला संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे वऱ्हाडचाच सुपुत्र वऱ्हाडच्या मांडवात सन्मानित होत होता. आणि त्याच वर्षी संमेलनाच्या धोरणांना विरोध म्हणून मुंबईस समांतर संमेलन भरले, ज्याचे अध्यक्षपद मालतीबाई बेडेकर यांनी स्वीकारले. यजमान गावाला असा प्रसंग कटू वाटणे साहजिक आहे. तथापि धोरणाविरुद्धचा आक्षेप यजमानाच्या आतिथ्याविरुद्धचा नसतो, हा विवेक राखला तर विरोधकालाही पुढील वर्षी सन्मानाने बोलावता येते.

मात्र प्रत्येक आक्षेप सत्यच असतो असे मानणेही भोळेपणाचे आहे. याचे उदाहरण साहित्याबाहेर, एका खेळाच्या इतिहासात सापडते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. यात मंडळी टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एकजण कथेचा सूत्रधार होतो, आणि फाशांचे दान व परस्परांचे बोलणे यांतून गोष्ट पुढे सरकते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत असा आरोप झाला की हा खेळ तरुणांना आत्महत्येकडे व अघोरी पूजेकडे नेतो, आणि पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या एका मातेने १९८३ साली त्याविरुद्ध संघटनाही स्थापिली. तिचे दुःख खरे होते, निष्कर्ष खरा नव्हता. खेळरचनाकार मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० साली त्या आरोपांची छाननी करणारा सविस्तर अहवाल लिहिला. भीतीतून उपजलेल्या फिर्यादीला संतापाने नव्हे, तर पुराव्याने जबाब द्यावा, हाच मार्ग येथे योग्य होता. आणि जबाब देताना शोकाकुल मनुष्याची अवहेलना होऊ नये, हेही तितकेच अगत्याचे होते.

वगळल्याची आणि भीतीची या दोहोंनंतर तिसरी टीका रुचीची. तिचा आदर्श वऱ्हाडात वकिली करीत मराठी समीक्षा समृद्ध करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांत सापडतो. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या १९१३ च्या नाटकाचे त्यांनी केलेले प्रदीर्घ परीक्षण मराठी समीक्षेत प्रसिद्ध आहे. पुढे १९२१ साली केळकर बडोद्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि १९२७ साली कोल्हटकर पुण्याच्या संमेलनाचे. कठोर परीक्षणाने लेखकाची प्रतिष्ठा खालावली नाही, आणि परीक्षकही समाजाला परका झाला नाही. विषय नीरस वाटले, कार्यक्रम लांबला, निवड फसली, अशा तक्रारींचे मोलही याच दृष्टीने ओळखावे. त्या मान्य करण्याची सक्ती नाही, ऐकून घेण्याचे कर्तव्य मात्र आहे.

तेव्हा अमरावती-अकोल्यात आज जे तरुण वाचनमंडळ, नाट्यस्पर्धा, लेखनाचा उपक्रम किंवा खेळाचा मेळावा भरवितात, त्यांनी आक्षेपांचे एक स्वतंत्र दप्तर ठेवावे. आलेली प्रत्येक तक्रार त्यात नोंदवावी, तिचा प्रकार ओळखावा, आणि रागाच्या पहिल्या भरात कोणालाही उत्तर लिहू नये. पुढील वर्षाची आखणी करण्यास बसल्यावर मात्र प्रथम तेच दप्तर उघडावे, आणि कोणता आक्षेप मान्य केला, कोणता अमान्य केला व का, हे सर्वांसमक्ष सांगावे. जो आपल्याला वगळले म्हणतो त्याला मंडळात घ्यावे. तो येण्यास तयार नसेल तर त्याच्या नकाराचे कारण इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवावे. एवढे करणाऱ्या मंडळावर टीका थांबणार नाही, आणि थांबूही नये. ती करणाऱ्याला आपला शब्द वाया गेला नाही असा विश्वास वाटू लागला, तर उपक्रम सर्वांचा झाला असे निःशंकपणे म्हणता येईल.