मुक्काम आहे, पोस्ट नाही

गावात लिहिणारा-वाचणारा माणूस असला की त्याच्याकडे कविता ऐकायला कोणी येत नाही, अर्ज भरून घ्यायला मात्र सगळे येतात. तेल्हाऱ्यात माझ्या ओट्यावर आजवर जेवढे फॉर्म भरले गेले, तेवढ्या कविता काही मी लिहिल्या नाहीत. असंच एका सकाळी एक लोहार नवरा-बायको आले. मुलाचा जातीचा दाखला काढायचा होता. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढची ओळ पत्त्याची. मी पेन थांबवून वर पाहिलं.

"लिवा ना चाचा," तो म्हणाला, "नाल्याच्या पल्याड, बाभळीखाली."

"बाभूळ तं मांगच्या साली तोडली ना," बायको म्हणाली.

मग मी आपलं नेहमीचं लिहिलं : मु. पो. तेल्हारा. लिहिताना त्या 'मु.'पाशी क्षणभर हात अडखळला. मुक्काम हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. तांडे, फौजा, वाटसरू रात्रीपुरते उतरत ती जागा म्हणजे मुक्काम. गंमत बघा, सात पिढ्या एकाच वाड्यात काढलेला पाटीलसुद्धा पत्ता लिहिताना आधी मुक्कामच लिहितो. 'पोस्ट' ही मागाहून आलेली गोष्ट. पोस्ट म्हणजे कोणीतरी तुम्हाला शोधत आलं तर तुम्ही सापडाल, याची हमी. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्याकडे मुक्काम शेकडो होते. पोस्ट एकही नव्हतं.

हे लोक घिसाडी. गावात त्यांना लोहारच म्हणतात. घिसणे, म्हणजे घासणे, यावरून घिसाडी असं सांगतात. चव्हाण, पवार, सोळंके अशी आडनावं आणि घरात गुजराती-राजस्थानी वळणाची वेगळीच बोली. राजस्थानातल्या गाडिया लोहारांची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. १५६८ साली चित्तोड पडला, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली म्हणतात, की किल्ला परत मिळेपर्यंत पक्क्या घरात राहणार नाही, खाटेवर झोपणार नाही, रात्री दिवा लावणार नाही. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरू स्वतः त्यांना घेऊन चित्तोडच्या किल्ल्यात गेले आणि आता शपथ सुटली, असं जाहीर झालं. आमच्या वऱ्हाडातले घिसाडीही राजपुतान्याकडे बोट दाखवतात. पण त्यांची शपथ सोडवायला कोणी आलं नाही. ती परिस्थितीनं सोडवली.

माझ्या लहानपणी होळी झाली की त्यांच्या गाड्या येत. मृग लागायच्या आत शेतकऱ्याला वखराची पास शेवटून घ्यायची असते, विळे-खुरपी धारेला लावायची असतात, त्यामुळे तो त्यांचा सुगीचा काळ. गाडी म्हणजे घर. खाली कोळसा, लोखंड, ऐरण, घण. वर धान्याचा डबा आणि वाकळा. मागे उलटी टांगलेली खाट. आखाला बांधलेलं कुत्रं आणि गाडीच्या पोटाखाली कोंबड्यांचं डालं. एवढ्या जागेत नवरा, बायको, चार लेकरं आणि एखादी म्हातारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते मी चाकांवर पाहिलं.

आम्ही पोरं तासन्‌तास बघत बसायचो ते मात्र त्या बाईकडे. नवरा सांडशीत लालभडक लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा आणि ती उभी राहून दोन्ही हातांनी घण घालायची. तो हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवी, ती नेमकी तिथे घाव घाली. बोलणं नाही. टिच-धम्‌, टिच-धम्‌. पुढे मी छंद-मात्रा शिकलो, पण ताल पहिल्यांदा कळला तो तिथे. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा असायचा, त्याचा विळा व्हायचा. मग पाणी पाजणं. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला पुन्हा जराशी ऊब द्यायची. धारेवरून आधी पिवळट, मग जांभळट रंग सरकत जातो. नेमक्या रंगावर थांबवलं तर विळा तुटतही नाही आणि वाकतही नाही. हे कोणत्या पुस्तकात वाचून येत नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी पुस्तक वाचलंही नव्हतं.

आता तुम्हाला जरा लांब नेतो. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण मध्यंतरी भाच्यानं मोबाइलवर दाखवलं : शिडाच्या छोट्या नावेत संसार करणारी जोडपी असतात. घर विकून नाव घेतात, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नाव छप्पन्न फुटांची. ही जोडपी बहुधा त्याहून लहान नावांत वर्षानुवर्षं राहतात आणि मग वय झालं, पैसा संपला किंवा एखादं बंदर आवडलं, की तिथे रुजायला बघतात. परक्या देशाच्या बंदरात शिरताना नावेवर पिवळं निशाण चढवायचं असतं. त्याचा अर्थ, आम्ही आलो आहोत, तपासा आणि परवानगी द्या. तपासणी झाली की ते निशाण उतरतं.

मला लगेच आमचे लोहार आठवले. गाडी गावकुसाबाहेर सोडायची आणि आधी पाटलाच्या कानावर घालायचं, मगच भाता लावायचा, ही त्यांची रीत. निशाण नव्हतं, एवढंच. आणखी एक साम्य मला फार जवळचं वाटतं. कोकणात आगोट लागली, की होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, वर झाप घालतात, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. वऱ्हाडातही तेच. मृगाचा पाऊस पडला, की आमची काळी माती चाकाला अशी धरते, की बैलाच्या बापाला गाडी ओढवत नाही. लोहारांची गाडी चार महिने एकाच गावी. लेकरांची जन्मं बरीचशी त्या चार महिन्यांतली. दोघांनाही पावसानं बसवलं आणि पावसानंच सोडलं.

फरक मात्र मोठा आहे. नावेतल्या जोडप्यानं घर सोडलेलं असतं. ते थांबतात तेव्हा परत येतात. लोहार थांबतो तेव्हा पहिल्यांदाच येतो.

तो का थांबला? ट्रॅक्टर आला, वखर कोपऱ्यात गेला. तणनाशक आलं, खुरपं हातातून सुटलं. कारखान्यातला विळा दुकानात टांगलेला मिळू लागला. गायरानं अतिक्रमणात गेली, म्हणजे गाडी सोडायला जागा उरली नाही आणि बैलांना चारा उरला नाही. इथवर कोणालाही समजतं. पण थांबल्यावर काय होतं, ते मला त्या जोडप्यानं समजावून दिलं. लोखंडाची वस्तू टिकते, हेच त्यांच्या धंद्याचं दुखणं. चांगला विळा केला, तर ते गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. म्हणून लोहारानं फिरायचं. आज दानापूर, आठ दिवसांनी बेलखेड, मग हिवरखेड, अडगाव. वर्षानं त्याच गावी परत यायचं तेव्हा धारा बोथट झालेल्या असतात. फिरणं ही त्यांची हौस नव्हती, हिशेब होता. एका जागी बसलेल्या लोहाराकडे अख्ख्या तालुक्यानं चालत यायला हवं, आणि तालुका काही येत नाही. म्हणून आता तो मोटरसायकलच्या मागे हातपंखा आणि छोटी ऐरण बांधून एकटा गावं करतो. घण घालणारी घरी राहते. ती आता सोयाबीन सोंगायला जाते, तेही दुसऱ्यानं केलेला विळा घेऊन.

यावर दोघांचं एकमत नाही. तो म्हणतो, फिरतो तेव्हा बरे होतो, कोणाच्या डोळ्यांत येत नव्हतो. एका गावी पंधरा दिवस राहिला तर तो पाहुणा, सहा महिने राहिला तर अतिक्रमण. तिला मात्र थांबायचंच होतं. तिचं तिसरं लेकरू चालत्या गाडीत, दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर झालं. ते राहिलं नाही. "मले नळ पायजे चाचा," ती मला म्हणाली, "आन्‌ आंघोळीले चार भिंती. बाकी यायचं यायले ठाव."

थांबणाऱ्यांबद्दल कायदेही जगात नाना तऱ्हेचे आहेत. इंग्लंडच्या कालव्यांवर लांबट, अरुंद नावांत राहणारी माणसं आहेत. १९९५च्या कायद्याप्रमाणे ज्यांच्या नावेला ठरलेली जागा नाही, त्यांनी एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. म्हणजे तिथला कायदा विचारतो, तुम्ही हलत का नाही? आमच्याकडचा विचारतो, तुम्ही तेव्हा कुठे होतात?

हे 'तेव्हा' म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ही तारीख धरली आहे. घिसाडी भटक्या जमातींच्या 'ब' प्रवर्गात येतात आणि या प्रवर्गाला अडीच टक्के आरक्षण आहे. पण दाखला हवा, तर त्या तारखेआधी तुमचे वाडवडील राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यायचा. शेतकऱ्याकडे सात-बारा निघतो, दुकानदाराकडे घरपट्टीची पावती. ज्याचं घर त्या दिवशी कदाचित बेलखेडहून दानापूरच्या वाटेवर असेल, त्यानं काय काढायचं? जमात भटकी आहे म्हणून सवलत, आणि ती मिळवायला भटकत नव्हता याचा कागद. हा नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. त्यांनी बैलगाडीला घर समजलं नाही, इतकंच.

घराचीही योजना आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, २०११ सालची. पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. वाचायला उत्तम. मूळ नियम असा, की वीस कुटुंबं एकत्र वसवायची. आमच्या नाल्यापल्याड लोहारांची पालं सहा. ज्यांचा धंदाच एका गावात एक लोहार, या हिशेबावर चालला, ती वीस घरं एका ठिकाणी कशी सापडणार? मतदार यादीची तऱ्हा मात्र मला शहाणपणाची वाटली. ज्याला घर नाही तो जिथे झोपतो, तिथे त्याची नोंद होऊ शकते. कर्मचाऱ्यानं रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का, ते पाहायचं. झोपलेल्या माणसाला पत्ता मानणारा हा नियम करणारा कोणीतरी कवी असावा.

इथे जरा स्वतःचं सांगतो. आमचं घराणं तीन पिढ्या तेल्हाऱ्यात आहे. तरी परगावी मी मराठी कविता वाचली, की चहाच्या वेळी कोणीतरी प्रेमानंच विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी तेल्हारा म्हणतो. "नाही, मूळचे?" त्यामुळे पत्त्याच्या ओळीवर थांबलेल्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ बघतो.

पुरावा शोधायला आम्ही त्याच्या आईला गाठलं. म्हातारीला सन ठाऊक नाहीत, पण गावं पाठ. मोठी नणंद पाथर्डीची, दीर बेलखेडचा, नवरा दानापूरचा, असं ती बोटांवर सांगत गेली. आपण माणसांना साल लावतो, ती गाव लावत होती. तेवढ्यात मला कोतवाल बुकाची आठवण झाली. पूर्वी विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवी, त्यात जातही लिही. पावसाळ्यात गाडी थांबलेली असताना लेकरू झालं असेल, तर नोंद असायला हवी. कचेरीच्या दोन-चार चकरा झाल्या, जुनी बुकं उघडली, काही पानांचा भुगा झालेला. शेवटी सापडलं. पावसाळ्यातलाच जन्म, साल १९६१च्या बऱ्याच आधीचं, बापाचं नाव तेच. जातीच्या रकान्यात कोतवालानं लिहिलं होतं : लोहार.

टेबलापलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं समजावलं, लोहार वेगळे, घिसाडी वेगळे, सरकारी यादीत दोन्ही नोंदी निराळ्या. हे खरंही आहे. पण ते त्या बाईला कोण सांगणार?

"मंग लोहार नाई तं काय सोनार हावो का आमी?" तिनं विचारलं.

तो माणूस हसला, मीही हसलो. ती हसली नाही.

आता वाट गृहचौकशीची आहे. कागद पुरत नसतील, तर अधिकाऱ्यानं वस्तीवर येऊन बोली, चालीरीती, सोयरीक विचारून खात्री करावी, अशी सोय आहे. मी तिला सांगितलं, तुमच्या बोलीत बोला, लाजू नका, घण दाखवा. तिची चिंता निराळीच होती. साहेब येतील, पण सहा पालांत आमचं कसं ओळखतील?

परवा सांजेला मी नाल्यापल्याड गेलो होतो. गाडी केव्हाच मोडीत गेली. एक चाक तेवढं त्यांनी ठेवलंय. चालतं नसलं की चाकाचं लाकूड सुकून आकसतं आणि लोखंडी धाव सैल पडते. ती पुन्हा बसवायची तर धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. आवळून बसते ती मग. माझ्यासमोर नवरा-बायकोनं तेच केलं. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. चाक निवल्यावर तिनं ते ढकलत नेऊन पालाच्या दाराशी टेकवलं.

"साहेबाले सांगजा चाचा," ती म्हणाली, "चाकवालं घर म्हनून."