नऊशे ऐंशी

"बाया पैसे बुडवत नाहीत," छोट्या कर्जांच्या धंद्यातला एक ओळखीचा माणूस धुळ्यात मोठ्या अभिमानाने म्हणाला. ते डोक्यातून जाईना, म्हणून अमळनेर तालुक्यातल्या एका गावी वसुली बघायला गेलो.

नोव्हेंबरची सकाळ, साडेनऊ. ओट्यावर अठरा बाया. मागच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस. त्याचा उबदार, धुळकट वास अजून नाकात आहे. फायनान्सचे 'सर' म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. हजेरी, सह्या, नोटा भराभर उरकल्या आणि एका नावाशी काम अडलं.

"ती नई शे."

तिचा हप्ता दर पंधरा दिवसांनी ९८० रुपये. ४०,००० चं कर्ज, ५२ हप्ते. सरांनी वही मिटली नाही. आवाजही चढवला नाही, पुढच्या गावाला उशीर होतोय एवढंच म्हणाले. या कर्जाला ना जमीन तारण, ना दागिना. गटातल्या पाचजणी एकमेकींना जामीन. एका म्हातारीने पदराची गाठ सोडली. ३००. मग २८०, २००, २००. वहीत वसुली पुरी झाली.

बँकेच्या दारात या बायांना कोण उभं करतं, हा प्रश्न खराच आहे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियमही चांगला: वर्षाला ३ लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराचे सगळे हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत. पण कापूस वेचणाऱ्या घराची महिन्याची कमाई धरायची कोणती? नोव्हेंबरात वेचणी असते, एप्रिलात हाताला काम नसतं. हप्ता दोन्ही महिन्यांत ९८०. नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गट बँकांशी जोडण्यापासून जी वाट सुरू केली, तिच्यात बायांची बचत गटातच फिरते आणि अडलेलीसाठी थांबायचं की नाही हे बायाच ठरवतात. मला ती वाट जास्त माणुसकीची वाटते.

परतताना रस्त्यालगतच्या वावरात ती गैरहजर बाई दिसली. कमरेला झोळी, बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरबाडलेली. हप्ता भरला गेल्याचं सोबतच्या बाईने सांगितलं.

"कोणी किती दिले?"

चार नावं, चार आकडे. तिने ते बोटांवर दोनदा मोजले, म्हातारीचे ३०० पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि ओळीत वाकली.